कोपऱ्यावरचा नाका आणि रूथबाईंचा दावा

वकिली सोडून आता बरीच वर्षं झाली. तरी लग्नाकार्यात कुणी भेटलं की हमखास विचारतं, "वकीलसाहेब, तुमचा सगळ्यात मोठा खटला कुठला हो?" विचारणाऱ्याच्या मनात खून असतो, दरोडा असतो, निदान भाऊबंदकीतली कुऱ्हाड तरी असते. मी म्हणतो, "जकात नाक्याच्या खोलीचा." मग समोरचा माणूस जिलेबी आणायला निघून जातो. दिवाळी अंकाच्या संपादकांना तसं निघून जाता येत नाही, म्हणून ही हकीकत त्यांच्या गळ्यात घालतो आहे.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव घेत नाही. त्या वेळी नगरपालिकेत जे होते त्यांच्या घरांशी आज आमचे सोयरसंबंध आहेत आणि भांडण केव्हाच मिटलं आहे. गावातून नगरकडे जाणारा रस्ता सरळ बाहेर पडतो. गाव संपतं तिथं डाव्या हाताच्या टेकाडावरून एक रस्ता उतरून त्याला मिळतो आणि नगर रस्ता ओलांडून समोर साखर कारखान्याकडे जातो. म्हणजे चौकच, पण त्याला चौक म्हणण्याइतकी शोभा कुणी आणली नव्हती. नेमक्या डाव्या कोपऱ्यावर, उताराच्या पायथ्याशी, नगरपालिकेनं जकात वसुलीसाठी एक दगडी खोली बांधली होती. गावात येणाऱ्या मालावर नगरपालिका कर घ्यायची, ती जकात. माल दोन्ही रस्त्यांनी यायचा, म्हणून दोन्हीकडे लक्ष ठेवता यावं असा कोपरा निवडलेला. खोलीत बसलेल्या कारकुनाला दोन्ही रस्ते दिसत. रस्त्यावरच्या माणसाला मात्र दुसरा रस्ता अजिबात दिसत नसे. गावातून जाणाऱ्याला उतार दिसायचा नाही, उतारावरून येणाऱ्याला गाव दिसायचं नाही. त्यातून जकातीसाठी थांबलेला एखादा ट्रक आडवा असला, की मग देवाचंच नाव घ्यायचं.

तिथं माणसं पडायची. दूधवाले पडायचे, मास्तर पडायचे, वरातीतले घोडेसुद्धा बुजायचे. मी नवा वकील. माझ्याकडे असली गिऱ्हाइकं यायची आणि चहा पिऊन जायची. एका गवळ्याच्या दुधाच्या दोन्ही किटल्या त्या कोपऱ्यावर बैलाच्या धक्क्यानं सांडल्या होत्या. त्याला बैलावर दावा लावायचा होता. बैलाच्या मालकावर नव्हे, बैलावरच. कारण मालक त्याचा मेहुणा होता. "आणि नगरपालिकेवर?" मी विचारलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी पावसावर दावा लावायला सांगत होतो. नळ त्यांच्या हातात, घरपट्टी त्यांच्या हातात, बाजारातली बसायची जागा त्यांच्या हातात. दावा कोण लावणार?

वकील नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रस्ता नगरपालिकेचा आहे म्हणून त्यावरचा प्रत्येक अपघात तिच्या माथी मारता येत नाही. कुणी दारू पिऊन झाडावर आदळला तर तो आणि झाड बघून घेतील. पण धोका नगरपालिकेनंच उभा केला असेल, तो तिला ठाऊक असेल आणि दूर करणं तिच्या हातात असूनही तिनं ते केलं नसेल, तर भरपाई मागता येते. यातलं 'ठाऊक असेल' हे सिद्ध करताना वकिलाचा घाम निघतो. संस्थेला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे विचारायला तिचं डोकं कुठं शोधायचं?

रूथबाई भिंगारदिवे आमच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नगरच्या मिशन इस्पितळात शिकलेल्या, उंच, सावळ्या, पांढऱ्या स्वच्छ साडीतल्या. काळ्या लेडीज सायकलवरून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करत फिरायच्या. बाई सायकलवर बघून पहिल्यांदा गाव हसलं होतं. मग गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मली आणि हसणं बंद झालं. माझी थोरली मुलगी त्यांच्याच हातची.

बहात्तरच्या दुष्काळात नगर रस्त्यावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. शेकडो बायामाणसं तिथंच पालं टाकून राहिली होती. एका सकाळी तिथून निरोप आला की एक बाई अडली आहे. रूथबाई सायकल काढून निघाल्या. कोपऱ्यावर एक ट्रक जकातीसाठी उभा होता. त्याच वेळी उतारावरून उसानं भरलेली बैलगाडी खाली येत होती. भरलेली गाडी उतारावर बैल ओढत नाहीत. गाडीच बैलांना ढकलते. खोलीच्या आडून सायकल पुढं आली, गाडी वरून आली, आणि चाक बाईंच्या उजव्या पायावरून गेलं.

नगरच्या इस्पितळात त्या कित्येक महिने प्लास्टरमध्ये होत्या. पाय जुळला, पण आखूड झाला. परत आल्या त्या कुबड्या घेऊन, आणि टांग्यातून थेट माझ्या दारात.

"वकीलसाहेब, दावा लावायचाय."

"गाडीवानावर?"

"त्याच्यावर मुळीच नाही. ती माझी अट आहे. किसन दोनदा इस्पितळात येऊन गेला. गुळाची ढेप घेऊन आला होता, आणि नुसता रडला. मला ती खोली तिथून उठवायचीय."

मी समजावलं की मोडलेल्या पायाच्या दाव्यात कोर्ट भरपाई देतं, खोली पाडून देत नाही. त्यावर म्हणाल्या, "मग भरपाई मागा. मागताना खोलीचं नाव घ्यावंच लागेल ना? तेवढं भर कोर्टात मोठ्यानं घ्या."

नगरपालिकेचे वकील होते तात्यासाहेब. मी वकिली शिकलो ती त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या कपाटातली धूळ झाडत. त्यांच्याविरुद्ध वकीलपत्र घ्यायचं म्हणजे आधी त्यांना सांगायला हवं होतं. संध्याकाळी गेलो. ते झोपाळ्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी सांगितलं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

"रूथबाईंचा?"

"हो."

"माझे तिन्ही नातू तिच्या हातचे आहेत."

"माहीत आहे, तात्यासाहेब."

"मग घे. दुसरा कुणी घेण्यापेक्षा तू घेतलेला बरा. पण माझ्यासमोर उभा राहणार आहेस तर नीट उभा राहा. मी काही तुला सोडणार नाही."

आणि खरंच त्यांनी सोडलं नाही. त्यांचा लेखी जबाब म्हणजे दोन धारांचा विळा होता. पहिली धार अशी: नगरपालिकेनं काहीच केलेलं नाही, म्हणून तिच्यावर जबाबदारी नाही. दुसरी धार: नगरपालिकेनं केलेल्या कामाबद्दल दावा लावायचा तर सहा महिन्यांत लावायला हवा, बाई प्लास्टरमध्ये असताना ते उलटून गेले, म्हणून दावा मुदतबाह्य. वाचून मला रात्रभर झोप लागली नाही आणि सकाळी त्यांच्याविषयी आदर आणखी वाढला.

सुनावणीला कोर्ट भरून गेलं. आमच्या तालुक्याच्या कोर्टात इतकी बायकांची गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती. काहीजणी पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या. ती पोरंही बाईंच्याच हातची. न्यायाधीश तरुण होते, विदर्भाकडून बदलून आलेले. त्यांनी पट्टेवाल्याला बायकांसाठी बाकं आणायला लावली, तिथंच मला बरं वाटलं.

पहिल्यांदा रूथबाईंची साक्ष झाली. माझे प्रश्न सोपे होते. मग तात्यासाहेब उलटतपासाला उठले. आवाज मऊ. घरच्या माणसाशी बोलावं तसा.

"नर्सबाई, तो कोपरा धोक्याचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"मग तिथं तुम्ही काय काळजी घ्यायचात?"

"सायकलवरून उतरायचे. खोली ओलांडेपर्यंत चालत जायचे आणि मग परत बसायचे."

"रोज?"

"रोज."

"त्या दिवशी उतरलात?"

"नाही."

अपघातात माणसाची स्वतःची चूकही निघाली की भरपाई त्या मानानं कापली जाते, आणि बाईंनी ती स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. तात्यासाहेबांनी तिथं थांबायला हवं होतं. उलटतपासात 'का' असं कधी विचारू नये, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. 'का' विचारलं की साक्षीदाराला दार उघडून मिळतं. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं.

"का नाही उतरलात?"

रूथबाईंनी कुबड्या बाजूला टेकवल्या. "खडीच्या कामावर एक बाई अडली होती. मूल आडवं आहे, असं निरोप आणणाऱ्या म्हातारीच्या बोलण्यावरून मला वाटलं. अशा वेळी उशीर चालत नाही. मी उतरले नाही. घंटी वाजवत गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"मग त्या बाईचं काय झालं?"

"मला टांग्यात घातलं तेव्हा मी सांगत होते की आधी तिकडं न्या. पण माझी शुद्ध गेली. दुसरी नर्स पोचेपर्यंत फार वेळ गेला. आई वाचली. मूल गेलं. मुलगा होता."

तात्यासाहेब उभेच होते. हातातल्या कागदावर पुढचा प्रश्न लिहिलेला असणार; 'उतरला असतात तर अपघात टळला असता ना?' असा. तो त्यांनी विचारला नाही. "आणखी प्रश्न नाहीत," म्हणाले आणि बसले.

माझा पुढचा साक्षीदार गाडीवान किसन. शेवगावच्या पलीकडचा, ऊस तोडायला आमच्याकडे आलेला. कोर्टात यायला तो इतका घाबरला होता की मी त्याला आदल्या दिवशी फक्त एवढंच सांगितलं, "जे झालं ते सांग." हा सल्ला योग्यच होता. त्याचा परिणाम मात्र मला झेपला नाही.

"साहेब, खोटं कशाला बोलू? गाडी माझी, बैलं माझी. बाईंचा पाय माझ्या चाकाखाली मोडला. चूक माझीच हाय. नगरपालिकेला कशाला मधी घेता?"

तात्यासाहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उलटतपास घ्यायचा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. माझाच साक्षीदार माझा दावा घेऊन खड्ड्यात उतरला होता. मागून बायकांची कुजबुज आली. रूथबाईंकडे पाहिलं तर त्या किसनकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

साक्षीदाराच्या बोलण्यात काही अस्पष्ट राहिलं तर न्यायाधीशांना खुलासा विचारता येतो. आमचे न्यायाधीश पुढं झुकले.

"किसनराव, बाई तुम्हाला पहिल्यांदा दिसल्या कुठं?"

"बैलाच्या शिंगापाशी, साहेब."

"त्याआधी?"

"त्याआधी कशा दिसत्याल? मधी खोली हाय न्हवं."

"त्यांनी घंटी वाजवली ती ऐकू आली?"

"न्हाई. उसाची गाडी लई करकरती. आन् ट्रक बी चालू हुता."

"दिसलं असतं तर गाडी थांबवता आली असती?"

"वरून दिसलं आस्तं तर थांबवली आस्ती की. उताराच्या मध्यावर एक सपाट जागा हाय, तितं गाडी धरता येती. त्याच्या खाली आल्यावर मग न्हाई धरत."

"मग चूक तुमची कशी?"

किसननं एकदा रूथबाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, खोलीला कुटं पाप लागतंय? त्ये मलाच लागनार की."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. नंतर ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

नगरपालिकेनं साक्षीला आणलं ते नाक्यावरचे जकात कारकून बबनराव. सज्जन, पोट सुटलेले, कुणाशी वैर नसलेले. बाई जोरात आल्या, असं त्यांनी पढवल्यासारखं सांगितलं, आणि सांगताना बाईंकडे बघायचं टाळलं. मी उठलो. मला रूथबाईंनी एक गोष्ट सहज बोलता बोलता सांगितली होती. अपघातानंतर बबनरावच पहिल्यांदा धावत आले होते, त्यांनी आयोडीन लावलं, पण घाईत अर्धी बाटली बाईंच्या पांढऱ्या साडीवर सांडली होती. बाईंना हळहळ त्या साडीची होती. मला वेगळाच प्रश्न पडला होता.

"बबनराव, बाईंना आयोडीन तुम्ही लावलंत?"

"हो साहेब. लावणारच. माणूस पडलेलं."

"चांगलं केलंत. आणलंत कुठून?"

"खोलीत असतं की."

"जकातीच्या खोलीत आयोडीन?"

"कापूस, पट्ट्यासुद्धा असतात साहेब. लागतात. माणसं पडतात ना."

"कुठं पडतात?"

"तिथंच. कोपऱ्यावर."

"आणि हे सगळं देतं कोण?"

"नगरपालिकेचा दवाखाना. संपलं की मी सांगतो, ते पाठवतात. कधी नाही म्हणाले नाहीत," बबनराव अभिमानानं म्हणाले.

आधी एक बाई हसली, मग सगळं कोर्ट. नगरपालिकेला धोका ठाऊक होता की नाही हा प्रश्न तिथंच संपला. तात्यासाहेब चष्मा काढून रुमालानं पुसत होते. फार वेळ पुसत होते. खांदे हलताना मी बघितले.

युक्तिवादाच्या दिवशी त्यांनी विळ्याच्या दोन्ही धारा चालवल्या. नगरपालिकेनं काही केलेलं नाही; आणि जे केलं त्याची मुदत गेली. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "तात्यासाहेब, नगरपालिकेनं काही केलं की काही केलं नाही, ते एकदा ठरवून सांगा. मला दोन्हींचा निकाल एकत्र देता येणार नाही."

मी तेवढंच धरून बोललो. खोली बांधली, हे केलेलं काम. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण माणसं पडतात हे कळल्यावर औषध पाठवलं आणि खोली तिथंच ठेवली, ही न केलेल्या कामाची गोष्ट आहे. आमचा दावा त्याबद्दल आहे, आणि न केलेल्या कामाला सहा महिन्यांची अट लागत नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. बाई उतरल्या नाहीत म्हणून त्यांच्याकडे थोडा दोष धरून भरपाई तेवढी कमी केली. ते न्यायाला धरूनच होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. बाहेर आल्यावर तात्यासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी विचारलं, "तो शेवटचा प्रश्न का नाही विचारलात?"

"उत्तर तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, समोर बसलेल्या न्यायाधीशांनाही ठाऊक होतं. पुन्हा तिच्या तोंडून काढून काय मिळवायचं होतं?" आणि थोडं थांबून म्हणाले, "पण 'का' विचारलं ते चुकलंच हो माझं. वकील म्हणून चुकलं."

नगरपालिकेच्या सभेत अध्यक्ष तापले होते. अपील करायचंच, असं ठरत आलं होतं. तेव्हा तात्यासाहेबांनी तिथं काय सांगितलं ते मला एका सभासदानं ऐकवलं. ते म्हणाले, "अपील करा. मी उभा राहीन. पण एक लक्षात ठेवा. आजपर्यंत ठाऊक नव्हतं असं म्हणायला तरी जागा होती. आता कोर्टाच्या शिक्क्यानिशी ठाऊक आहे. उद्या त्या कोपऱ्यावर जो कुणी पडेल तो हाच निकाल हातात घेऊन येईल, आणि तेव्हा माझ्याकडे बोलायला शब्द नसेल." अपील झालं नाही. उन्हाळ्यात नवा नाका रस्त्यापासून चांगला मागं, नगरपालिकेच्या मोकळ्या जागेत बांधला, आणि जुनी खोली पाडली. कोर्टानं जे सांगितलं नव्हतं ते शेवटी झालं.

एक रुखरुख मात्र राहिली आहे. खडीच्या कामावरची ती बाई कोर्टात कधी आली नाही. काम संपलं, पालं उठली, ती कुठल्या गावची होती तेही कुणाला सांगता येईना. दावा पायाचा होता, तिच्या मुलाचा नव्हता. निकालपत्रात त्याच्यासाठी एक ओळ आहे, तीही 'साक्षीदार सांगते की' अशी सुरू होणारी. कायद्याला तेवढीच जागा करता आली. मी तेव्हा नवा होतो. पण नंतर जुना झाल्यावरही मला त्याहून जास्त जागा करता आली असती असं वाटत नाही.

रूथबाईंचं फिरतीचं काम सुटलं. दवाखान्यातच बसून बाळंतपणं करू लागल्या, तरुण नर्सांना शिकवू लागल्या, रागवू लागल्या. कुबड्या गेल्या, काठी आली. खोली पाडल्यावर चारसहा दिवसांनी त्यांनी मला निरोप धाडला, "चला, मला तो कोपरा दाखवा."

आम्ही टांग्यानं गेलो. दगड उचलून नेले होते, नुसता चौथऱ्याचा पांढरा डाग जमिनीवर उरला होता. बाई उतरल्या आणि नगर रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभ्या राहिल्या. टेकाडावरचा सगळा रस्ता वरपर्यंत दिसत होता, बाभळी दिसत होत्या, आणि वरून कडब्याची एक गाडी उतरत होती. गाडीवान कोण होता मला माहीत नाही. त्यालाही बाई कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की खाली एक काठीवाली बाई रस्ता ओलांडायला उभी आहे. उताराच्या मध्यावर त्यानं कासरे ओढले. बैल थांबले.

"या बाई, तुमी व्हा आदी," तो वरून ओरडला.

रूथबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. आखूड पायामुळं त्यांना फार वेळ लागत होता. गाडीवान थांबून राहिला, आणि बाईंनी मुळीच घाई केली नाही.